लोणारचा खार



पापड लाटणाऱ्या बाईला खार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कमी पडला तर पापड चिवट होतो. जास्त झाला तर तळताना लाल पडतो आणि जिभेला कडू लागतो. आमच्या गटातल्या बारा जणी सहा वर्षांपासून उडदाचे पापड करतात. डाळ कुठून घ्यायची, हिंग कोणता चांगला, मिरी महागली तर काय करायचं, यावर दर महिन्याच्या बैठकीत भांडणापर्यंत बोलणं होतं. खाराबद्दल मात्र कुणी कधी बोललं नव्हतं. दुकानातून पुडी यायची, ती संपली की दुसरी.

यंदा माघ महिन्यात पापडाच्या पाकिटावर नवं लेबल छापायचं ठरलं. तेव्हा आमच्यातल्याच एकीला, म्हणजे आत्ता जी माइकपुढे बसली आहे तिला, एक कल्पना सुचली. आपण मेहकर तालुक्यातले. लोणार आपल्याला हाकेच्या अंतरावर. तिथं खाराचं सरोवर आहे, जगभरातून लोक बघायला येतात. तर लेबलावर ‘लोणारच्या खाराचे पापड’ असं छापावं. शहरातलं गिऱ्हाईक पाकिटामागे दहा रुपये सहज जास्त देईल.

सगळ्यांना पटलं. फक्त गटातल्या सर्वांत मोठ्या मावशी गप्प होत्या. त्यांच्या आजीचं सासर लोणारचं. खूप वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, “आधी जाऊन पाहून तं या. बिनपाहताच छापता काहून?”

म्हणून आम्ही गेलो. बारा जणी आणि दोन लेकरं. मेहकरहून एसटीनं सुलतानपूर आणि तिथून आत लोणार.

लोणार हे तालुक्याचं गाव, पण शांत. दुपारी बाराला उतरलो तर बाजाराच्या गल्लीत दुकानदार वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेले होते. एवढं जगात नाव असलेलं सरोवर, पण ते गावातून दिसत नाही. आमच्यातली एक जण स्टँडवरच विचारू लागली, “कुठाय वं पाणी?” गाव वर आहे आणि सरोवर खाली. शेवटचं घर, शेवटचं शेत संपतं, आणि एकाएकी जमीन संपते. समोर मोठी कढई पुरून ठेवावी तसा खड्डा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. उतारावर झाडी, आणि कढईच्या बुडाशी हिरवट पाणी.

पण आम्ही आधी सरोवरावर गेलो नाही. मावशी म्हणाल्या, पहिले धार.

धार म्हणजे गोमुखातून पडणारा झरा. काठाच्या वरच्या बाजूला, गावाला लागूनच, दगडी बांधकामातून तो कुंडात पडतो आणि बारा महिने वाहतो. हे पाणी गोड आहे. हातपाय धुतले, ओंजळीनं प्यालो, आणि तेव्हा आम्हाला एक गोष्ट उमगली. आपण सगळे म्हणतो, लोणार गाव सरोवरामुळे आहे. पण खाऱ्या पाण्यावर गाव वसत नाही. ते पाणी ना पिता येतं, ना त्यात डाळ शिजते, ना शेताला देता येतं. गाव वसलं असेल ते या धारेच्या पाण्यावर. काठाचा खडक फुटलेला, भेगाळलेला आहे. पावसाचं पाणी त्या भेगांत मुरतं आणि जिथं खड्ड्याची भिंत उघडी पडते तिथं झरा होऊन बाहेर येतं. असे आणखीही झरे या उतारावर आहेत. म्हणजे एकाच खड्ड्यात वर गोड पाणी आणि खाली खारं. गोड पाणीच उतरून खाली जातं आणि खारं होतं.

ते कसं, हे आमच्या बारावीला असलेल्या एका लेकीनं समजावून सांगितलं होतं. पातेल्यात मीठ घातलेलं पाणी चुलीवर ठेवा. पाणी आटतं, मीठ आटत नाही. वरून पुन्हा तांब्याभर पाणी घाला, पुन्हा आटवा. सरोवराला येणाऱ्या वाटा आहेत, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त उन्हानं वर जातं. खडकातून, मातीतून विरघळून आलेले क्षार मात्र खालीच राहतात. हजारो वर्षं हे पातेलं चुलीवर आहे.

धारेच्या आजूबाजूला आणि खाली सरोवराच्या काठाकाठानं जुनी देवळं आहेत. काही उभी, काही पडलेली. आपण त्यांना हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुना न घालता, दगडाला दगड खाचेत बसवून केलेल्या सगळ्या जुन्या देवळांना पुढे त्याचं नाव चिकटलं. त्यातली कितीतरी त्याच्या आधीची आहेत. आपल्या भागात कुठलंही काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळं होतात. दगड फोडणाऱ्याचं, वाहणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे ते मात्र निवांत बघावं असं. बाहेरच्या भिंतींना इतके कोन काढलेत की वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसेल. छतावर कृष्णाच्या, नरसिंहाच्या गोष्टी कोरल्या आहेत. मान वर करून करून आमच्या माना अवघडल्या. गाभाऱ्यात विष्णू, आणि त्याच्या पायाखाली लवणासुर.

लवणासुराची गोष्ट मावशींनी तिथंच देवळाच्या ओट्यावर सांगितली. लवण म्हणजे मीठ. हा मिठाचा राक्षस जमिनीच्या पोटात लपून राही, वर येऊन लोकांना छळी. त्याचं बीळ कुणाला सापडेना. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं. लवणासुराच्या दोन बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाची जागा सांगून टाकली. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. लवणासुर मारला गेला, त्याच्या रक्ताचं तळं झालं आणि देहाचं मीठ.

ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, “अन् त्या बहिणींचं काय झालं?”

मावशींना माहीत नव्हतं. पुजारीबुवांनाही विचारलं, तेही हसले. बहिणींनी वाट दाखवली म्हणून राक्षस सापडला, पण देऊळ झालं ते देवाचं, आणि गावाला, पाण्याला नाव मिळालं ते राक्षसाच्या मिठाचं. बहिणी गोष्टीतून निघून गेल्या. यावर आमचं परतीच्या वाटेपर्यंत बोलणं चाललं होतं. कुणी म्हणालं, त्या भावाच्या वैरी झाल्या, त्यांची आठवण कोण ठेवणार. कुणी म्हणालं, भाऊ गावाला छळत होता, त्यांनी बरंच केलं. निकाल लागला नाही.

आता शास्त्र काय सांगतं तेही थोडक्यात सांगू. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा एक इंग्रज अधिकारी इथं आला आणि त्यानं या सरोवराबद्दल लिहिलं. पुढे दीडशे वर्षं बहुतेक जाणकार म्हणत राहिले की हे ज्वालामुखीचं तोंड असावं. आपल्याकडचा काळा दगड, ज्याला बेसॉल्ट म्हणतात, तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. मग १९७० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी खालचा खडक भोकं पाडून बाहेर काढला. त्यात प्रचंड धक्क्यानंच होतात असे काचेसारखे कण सापडले. आकाशातून उल्का पडून हा खड्डा झाला हे त्यावरून ठरलं. चंद्रावरही बेसॉल्टचा खडक आहे, म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. वय किती, याचा वाद आहे. आधी बावन्न हजार वर्षं म्हणत, नंतरच्या एका मोजणीत ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या घरात गेलं. फलकावर काही लिहिलेलं असलं तरी एवढं लक्षात ठेवा की तो आकडा पुन्हा बदलू शकतो.

हे सगळं फलकांवर आहे, पुस्तकांत आहे, गाइड तोंडपाठ सांगतात. आम्हाला हवा होता खार. त्याच्याबद्दल विचारलं तर गाइड म्हणाला, “हो, पूर्वी निघायचा,” आणि पुढे चालू लागला.

तर आता तीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

अकबर बादशहाच्या काळी, सोळाव्या शतकाच्या शेवटी, अबुल फजल यानं आइन-ए-अकबरी नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. राज्यात कुठं काय पिकतं, काय निघतं, किती महसूल येतो, अशी सगळी नोंद त्यात आहे. त्यात आपल्या वऱ्हाडाचंही प्रकरण आहे. लोणार हा मेहकरचा भाग, असं तिथं म्हटलं आहे. हे ऐकून आमच्या मेहकरकर बायकांच्या माना ताठ झाल्या. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, हेही त्यात आहे. आणि त्यापुढे आहे ते आमच्या कामाचं. काच आणि साबण करायला जे जे लागतं ते सगळं इथं मिळतं आणि त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याला लोणारची ओळख होती ती देवाची आणि खाराची. उल्का कुणाला माहीत नव्हती. हे सरोवर आधी तीर्थ होतं आणि कामाची जागा होती. बघायची जागा ते फार नंतर झालं.

आता काच आणि साबण यांचा खाराशी काय संबंध? लोणारच्या पाण्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. एक आपलं खायचं मीठ, आणि दुसरा सोडा, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार. वाळू नुसती तापवली तर वितळायला फार मोठी आग लागते. तिच्यात हा क्षार मिसळला की कमी आगीवर वितळते आणि तिची काच होते. बांगडी म्हणजे शेवटी वाळू आणि क्षार. तेलात किंवा चरबीत क्षार मिसळून शिजवला की साबण. कापड रंगवण्याआधी त्यातला मळ आणि तेलकटपणा काढायला क्षार. आणि उडदाच्या पिठात घातला की पापड फुलतो. सवाष्णीच्या हातातली बांगडी, तिच्या धुण्याचा साबण, तिच्या लुगड्याचा रंग, तिच्या पोळपाटावरचा पापड. एवढ्या ठिकाणी क्षार आहे, आणि आम्ही सहा वर्षं पुडी फोडून पिठात टाकत होतो.

खार काढायचे कसे, तेही जुन्या नोंदींवरून कळतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाच्या चिखलावर पांढरा पापुद्रा धरायचा. पाण्यातही खड्यांचे गठ्ठे जमायचे. माणसं खरवडून, चिखलातून उचलून ते काढत आणि वाळवत. खार एकच नव्हता. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावं इंग्रजांच्या काळच्या नोंदींत आली आहेत. ही नावं काही साहेबांनी ठेवलेली नाहीत. खडा घट्ट आहे की भुसभुशीत, थर पातळ की जाड, हे हातानं ओळखणाऱ्या लोकांनीच ती ठेवली असणार. आपण नाही का पिठाची जात बोटांनी ओळखत, तसंच.

उत्पन्नाचा मालक मात्र बदलत गेला. मोगल गेले, निजाम आला. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. मिठावर इंग्रजांची किती नजर होती ते आपण शाळेत शिकलो आहोत. दांडीच्या वेळी, १९३० साली, आपल्या वऱ्हाडाला समुद्र नव्हता तरी इथल्या लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. अकोला जिल्ह्यात दहीहंडा गावाला खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या पाण्याचं मीठ केलं. हे थोडं आडवळण झालं, पण दहीहंड्याच्या आसपासच्या गटांनी कधीतरी त्यावर बोलावं असं आम्हाला वाटतं.

पुढे कारखान्यात सोडा तयार व्हायला लागला. साफ, एकसारखा, पोत्यात भरलेला. उन्हात चिखल तुडवून काढलेल्या खाराचे दिवस अशानं सगळीकडेच सरले.

आम्ही झाडीतून खाली उतरलो. वाट दगडांची आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी. वानरं होती, मोर ओरडत होते. खाली अगदी पाण्याच्या जवळ कमळजा देवीचं देऊळ. नवरात्रात इथं मोठी यात्रा असते, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बायका नवस फेडायला येतात. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पाण्याचा वास उग्र आहे. त्यात मासे दिसले नाहीत. डोळ्याला दिसत नाहीत असे जीव मात्र भरपूर आहेत, आणि हिरवा रंग त्यांचाच.

देवळासमोर सासू-सुनेची विहीर आहे असं सांगतात. पाणी ओसरलं तरच ती दिसते. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. आम्हाला दिसली नाही. सासू गोड की सून, यावर मात्र हसून हसून पोट दुखलं. आमच्यात दोन सासू-सुना एकाच गटात आहेत, त्या दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

आम्ही पाण्यात बोटं बुडवली. बुळबुळीत लागलं. साबणाच्या पाण्यासारखं. बोटांवरचं तेल आणि पाण्यातला क्षार मिळून तिथल्या तिथं थोडासा साबण होतो, म्हणून. आम्हाला गंमत वाटली. एकमेकींना हात दाखवत होतो. मावशींनी हात पदराला पुसला आणि त्या बोलायला लागल्या.

“माह्या आजीच्या हाताला भेगा राहत. तेल लावलं तरी बुजत नसत. चिंचेचं हाती लागलं की आग होई तिले. लहानपणी तिच्या सासूसंगं खाली येई खार वेचाले. सकाळी अंधारात उतरायचं अन् उन्हं चढायच्या आत टोपलं डोक्यावर घेऊन वर. पायालाही तसंच. बसली की टाचा खरडत बसे.”

तो खार कुठं जायचा, किती पैसे मिळत, हे मावशींना ठाऊक नाही. काही घरी पापडाला, धुण्याला राही आणि बाकीचा कुणीतरी घेऊन जाई. आम्ही आजीचं नाव विचारलं. मावशी बराच वेळ आठवत होत्या. “खारवालीच म्हणत सारे,” त्या म्हणाल्या.

देवळाच्या पायरीवर भाकरी सोडल्या आणि लेबलाचा विषय निघाला. खरं तर तो वर फाटकाशीच संपला होता. तिथल्या दादांना आम्ही विचारलं होतं की खार कुठं मिळतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, “ताई, हे अभयारण्य आहे. इथून दगडसुद्धा उचलायचा नाही.” २००० साली सरोवर आणि भोवतीचं जंगल वन्यजीव अभयारण्य झालं. २०२० च्या नोव्हेंबरात रामसर यादीत आलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी. महाराष्ट्रातली नांदूरमधमेश्वरनंतरची ही दुसरी जागा. त्याच वर्षी जून महिन्यात इथलं पाणी गुलाबी झालं होतं, टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. लोक घाबरले, कुणी कोपही म्हणालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं. उन्हानं पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव फोफावले, एवढंच ते होतं. पाऊस पडला आणि रंग गेला.

तर कायद्यानं खार काढता येत नाही. शिवाय खायच्या मालात तपासणी नसलेला खार घालायचा म्हटलं तर आमची अन्न सुरक्षेची नोंदणीच धोक्यात. हे घरी बसून एका फोनवर कळलं असतं. कल्पना काढणारीनं ते विचारलं नव्हतं, हे इथं कबूल करतो. आमच्या तिकिटाचे पैसे गटाच्या खात्यातून गेलेत, म्हणून सांगणं भागच आहे.

पण बोलणं तिथं थांबलं नाही. एक जण म्हणाली, “ज्या गावानं इतकी वर्षं खार काढला, त्याच गावाला आता हात लावू नका म्हणतात, हा काय न्याय?” पूर्वी खालच्या झऱ्यांच्या पाण्यावर खड्ड्याच्या आतही शेती होती, केळी होत्या. तीही बंद झाली. शेळ्या सोडता येत नाहीत, सरपण आणता येत नाही. यात सरपण आणि शेळ्या म्हणजे कुणाचं काम, ते सांगायला नको. दुसरी म्हणाली, “अन् नाई बंद केलं असतं तं? गावाचं सांडपाणी उतरत आलंच ना खाली? गोड पाणी अन् घाण जास्त आली की खार पातळ होणार, मग कसलं सरोवर?” तिचंही खरं आहे. सांडपाण्याचा प्रश्न कोर्टापर्यंत गेलेला आहे.

आम्ही दोन्ही बाजूंनी बोललो. आम्हाला वाटतं, जपायलाच हवं. इतका जुना खड्डा पुन्हा होणार नाही. पण जपणाऱ्यांनी आधी इथं कोण राबत होतं तेही फलकावर लिहावं. उल्केला फलक आहे, राक्षसाला देऊळ आहे. खार काढणाऱ्यांचं एक ओळसुद्धा आम्हाला दिसलं नाही. कुठं असेल आणि आमच्या नजरेतून सुटलं असेल तर कळवा, आम्ही पुढच्या कार्यक्रमात चूक दुरुस्त करू.

मावशींचं म्हणणं वेगळंच. त्यांना खार बंद झाल्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. “बरं झालं बंद झालं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाले लेबलावर छापाले पायजे. तिले विचारलं असतं तं ती म्हणाली असती, पुडीच बरी.”

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच हाताला खाराच्या भेगा नाहीत. पुडी आहे म्हणून नाहीत.

परतताना मावशींनी धारेच्या पाण्याची बाटली भरून घेतली. एसटीत ती मांडीवर धरून बसल्या होत्या. आम्ही लेबलाच्या नव्या मजकुरावर बोलत होतो. ‘लोणारच्या शेजारचे पापड’ असं एकीनं सुचवलं. खोटं नाही, आणि लोणारचं नावही येतं. सचिवताई म्हणाल्या, शेजार विकायचा तर मग मेहकरच लिहा, आइन-ए-अकबरीत तेही आहे. अजून ठरलं नाही. छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला.

एक मात्र ठरलं आहे. या महिन्यापासून बैठकीच्या वहीत आम्ही मागची चार पानं वेगळी ठेवली आहेत. कुणाच्या घरी पूर्वी खार कसा करत किंवा आणत, ते त्यात लिहायचं. आत्तापर्यंत तिघींनी सांगितलं. एकीच्या आजेसासूबाई केळीच्या साली जाळून ती राख पाण्यात कालवून, गाळून घेत. दुसरीकडे आघाड्याची राख. तिसरी म्हणजे मावशी, त्यांचं तुम्ही ऐकलंच. तुमच्या घरी, तुमच्या गावात कुणी लोणारचा खार वापरलेला असेल, काढलेला असेल, किंवा दल्ला, भुस्की ही नावं कुणाच्या तोंडी अजून असतील तर केंद्रावर कळवा. लिहिता येत नसेल तर गुरुवारी दुपारी या आणि सांगा, आम्ही लिहून घेऊ. सांगताना आजीचं, पणजीचं नाव आठवत असेल तर तेही सांगा.